दाखला अडवून ताप कळत नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका गावाच्या सरपंच लिहितात, "आमचं गाव 2,300 लोकवस्तीचं. गावठाण, दोन वस्त्या आणि एक तांडा. पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर काय करायचं याचा आराखडा ग्रामपंचायत करते आहे आणि त्यावरून दोन तट पडलेत. काही सदस्य म्हणतात, मास्क, तपासणी, लस यात जो ऐकणार नाही त्याचे दाखले अडवा, 500 रुपये दंड लावा, रेशन बंद करायला सांगा. 2021 मध्ये प्रेमानं सांगून काय मिळालं? तापाची माणसं घरात लपवली, लसीच्या दिवशी लोक शेतात निघून गेले, तांडा तर ऐकतच नाही. आमच्या आरोग्यसेविका म्हणतात, सक्ती केलीत तर लोक आता जेवढं सांगतात तेवढंही सांगणार नाहीत. मला दोघांचंही पटतं. शिवाय यात्रेचं काय करायचं हा प्रश्न आहेच. कडक राहावं की समजावत बसावं?"

सरपंचताई,

'ऐकत नाहीत' हे दोन शब्द आधी बाजूला काढू, कारण तुमच्या सदस्यांचा सगळा आराखडा त्यांच्यावरच उभा आहे. 2021 मध्ये लस न घेतलेल्या घरांची नावं आशाताईंच्या जुन्या वहीत अजून सापडतील. ती काढा आणि प्रत्येक नावापुढं कारण लिहायला बसा. सदस्यांनाही सोबत बसवा. तासाभरात लक्षात येईल की त्या यादीत चार वेगळी माणसं आहेत.

एक, ज्याला जमलंच नाही: रोज बुडवता न येणारी मजूर बाई, अंथरुणाला खिळलेले आजोबा, मोबाइलवर ओटीपी येत नाही म्हणून परत पाठवलेला गडी. दुसरा, ज्याची एकच नेमकी शंका होती आणि तिला उत्तर मिळालं नाही. 'बाळ अंगावर पितंय, लस चालेल का?' या प्रश्नाला 2021 च्या सुरुवातीला सरकारी उत्तर 'नाही' होतं आणि 19 मे 2021 पासून 'हो' झालं. ज्या बाईला आधी नाही म्हणून परत पाठवलं, तिच्याकडे नंतर कुणी 'आता चालतं, आणि का चालतं' हे सांगायला गेलं होतं का? तिसरा लसीला किंवा तपासणीला भीत नव्हता, त्यानंतर काय होईल याला भीत होता: उचलून नेतील, दूध कुणी घालू देणार नाही, पोरीचं जमलेलं लग्न मोडेल. चौथा, ज्यानं विचार करून, ठरवून नाही म्हटलं.

दंड आखताना सदस्यांच्या डोळ्यांपुढं हा चौथा असतो. दंड भरतात मात्र पहिले तिघे, कारण चौथ्याकडे बहुधा 500 रुपयेही असतात आणि ओळखीही.

तांड्याचंही तसंच. वहीत एवढंच पाहा की लसीची गाडी तिकडं कोणत्या महिन्यात आणि किती वाजता गेली होती. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत निम्मा तांडा ऊसतोडीला कारखान्यावर असतो. जे घरी असतात तेही सकाळी आठच्या आत कामावर निघतात. अकराला पोचलेल्या गाडीला तिथं म्हातारी माणसं आणि कुलपं भेटणार. त्यावरून 'तांडा ऐकत नाही' असा शेरा मारला, तर पुढच्या वेळी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं माणूस सोबत घेऊन संध्याकाळी सातला जायचं कुणाला सुचणारच नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. कडक की समजूतदार, अशी निवड मला चुकीची वाटते. साथीत आपण लोकांकडून दोन वेगळ्या गोष्टी मागतो. काही डोळ्यांना दिसतात: लग्नातली गर्दी, किराणा दुकानापुढची रेटारेटी, एसटीत मास्क. काही मात्र त्या माणसानं स्वतः सांगितल्या तरच कळतात: ताप कधी आला, काल कुणाच्या घरी जेवलो, मुलगा रात्री पुण्याहून आलाय. दिसणाऱ्या गोष्टीवर नियम चालतो. सांगाव्या लागणाऱ्या गोष्टीवर शिक्षा लावली की ताप जात नाही, ताप सांगणं तेवढं जातं. साथ आवरते ती दुसऱ्या प्रकारच्या माहितीवर.

पुण्यात 1897 च्या प्लेगमध्ये हेच झालं. रँडसाहेबाचा शेवट आपल्याला शाळेपासून पाठ असतो, पण आरोग्याच्या अंगानं पाहिलं तर त्याआधीचे महिने जास्त शिकवतात. सैनिक घरं झडत होते, रुग्णाला प्लेगच्या इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवत होते, सामान जाळत होते. लोकांनी काय केलं? रुग्ण माळ्यावर, कोठीत लपवले, गाव सोडून नातेवाइकांकडे पळाले, मृत्यू दडवले. झडती जितकी कडक, तितका प्लेग कुठं आहे हे कळणं अवघड, आणि पळालेल्या माणसांबरोबर तो दुसरीकडे पोचणं सोपं. तुमच्या गावात 2021 मध्ये लपवलेला ताप याच जातीचा. तो प्रेमानं सांगितल्यामुळे लपला नाही. 2020 मध्ये वेशीवर काटे टाकून पुण्या-मुंबईहून आलेल्यांना शाळेत 14 दिवस ठेवलं होतं ना? लोकांनी ते पाहिलं आणि पुढच्या वर्षी लक्षात ठेवलं.

उलट उदाहरण पोलिओचं. पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक घरांनी डोस नाकारला होता. तिथं उत्तर रेशन अडवण्यात सापडलं नाही. पथक घराच्या भिंतीवर खडूनं खूण करायचं: 'पी' म्हणजे घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला, 'एक्स' म्हणजे कुणीतरी राहिलं. 'एक्स'च्या घरी पुन्हा जाताना त्या मोहल्ल्यातली बाई, कधी मौलाना, कधी ओळखीचा डॉक्टर बरोबर असायचा. तिथल्या आया विचारायच्या, "जुलाब-तापानं लेकरं आजारी पडतात तेव्हा कुणी येत नाही, या दोन थेंबांसाठीच एवढी धावपळ का?" प्रश्न रास्त होता. मग थेंबांच्या जोडीनं जुलाबावरची ओआरएस-झिंक, हात धुणं, स्वच्छता हेही कार्यक्रमात आलं. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला. वेळ लागला, हे मान्य. पण त्या घरांनी दार लावून घेतलं असतं तर तो रुग्ण शेवटचा ठरलाच नसता.

यावरून 'म्हणजे समजावतच बसायचं' असा अर्थ काढू नका. गोड बोलणं म्हणजे विश्वास नव्हे. तुम्ही जे सांगितलंत ते झालं की विश्वास बसतो: डबा येईल म्हटलं आणि आला, नाव फुटणार नाही म्हटलं आणि फुटलं नाही.

कायद्याचं एकदा स्पष्ट करून घ्या, म्हणजे बैठकीतला निम्मा वाद मिटेल. रेशन राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 खाली मिळतं, ते थांबवणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही. जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना 8 चा (घराच्या नोंदीचा) उतारा या सेवा ठरलेल्या मुदतीत देणं लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार बंधनकारक आहे. दाखला अडवलात तर अपिलात ग्रामसेवक अडकेल, लस न घेणारा नव्हे. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एक तरी डोस असल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल देऊ नये असे आदेश निघाले होते, हे सदस्य दाखवतील. ते जिल्हाधिकाऱ्यांचे होते, ग्रामपंचायतीचे नव्हते. आणि त्यानंतर 2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, पण ते प्रमाणात हवेत, आणि लस न घेतलेल्यांवर त्या वेळी असलेले निर्बंध तसे प्रमाणात नव्हते. अशा आदेशांनी रांगा वाढतात हे मी नाकारत नाही. खोट्या प्रमाणपत्रांचा बाजारही वाढतो, आणि ते प्रमाणपत्र घेऊन फिरणारा माणूस गावाला लस घेतलेला वाटत राहतो.

मग नियम कुठं चालतो? लग्नात. एप्रिल 2021 मध्ये राज्यानं लग्नाला 25 माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती, मोडली तर 50,000 रुपये दंड. अनेक मुलींच्या बापांना तो नियम आधार वाटला. सोयऱ्याला 'तू येऊ नकोस' म्हणणं आपल्याकडे जन्माचं वैर. 'सरकारचा नियम आहे हो' म्हणणं सोपं. ज्याला नीट वागायचं आहे पण भावकीच्या दडपणामुळे जमत नाही, त्याला नियम निमित्त देतो. तेराव्याचं जेवण, बारसं, साखरपुडा, पारावरची पत्त्यांची बैठक, ही सगळी याच खात्यातली. इथं खुशाल कडक राहा. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला की तो मोडणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली (पूर्वीचं 188) गुन्हा ठरतो. तुमचं काम तो आदेश सगळ्यांना सारखा लावणं. पहिलं लग्न सदस्याच्या घरचं निघालं आणि तिथं 300 पानं उठली, तर त्या संध्याकाळी तुमचा आराखडा संपला. नियमाला शेवटची तारीख घाला, दर 15 दिवसांनी बैठकीत 'ठेवायचा की काढायचा' विचारा. मास्कचा दंड घ्यायची वेळ आलीच तर पावती द्या आणि पावतीबरोबर मास्क द्या. नोव्हेंबर 2020 मध्ये मुंबई महापालिकेनं 200 रुपयांच्या दंडासोबत मास्क द्यायचं ठरवलं होतं. पैसे घेऊन माणूस तसाच उघड्या तोंडानं पुढं गेला तर दंडाचा उपयोग काय?

आणि नियम लावण्याआधी एक आकडेमोड करा, जी मोठ्या कचेऱ्यांतही राहून जाते. मुंबईच्या लोकलमध्ये 15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस आणि वर 14 दिवस झालेल्यांनाच प्रवेश होता. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा 84 दिवसांचं अंतर होतं. 18 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी केंद्राची मोफत लस 21 जूनला सुरू झाली. त्याच दिवशी पहिल्या रांगेत उभं राहून डोस घेतलेल्या पोराला दुसरा 13 सप्टेंबरच्या आत मिळणं शक्यच नव्हतं, लोकल 27 सप्टेंबरला. सगळं वेळेवर करूनही तो महिनाभराहून जास्त काळ 'न ऐकणाऱ्यांत' मोजला गेला. तुमचा नियम पाळायला लागणारी वस्तू, वेळ आणि मुदत गावातल्या सगळ्यात गरीब घराला मिळाली आहे का, हे आधी तपासा. मिळाली नसेल तर तो नियम तोवर लावू नका.

आता यादीतल्या तिसऱ्या माणसाकडे, 'त्यानंतर काय होईल' याला भिणाऱ्याकडे येऊ, कारण आराखड्याची सगळ्यात जास्त पानं त्याच्यासाठी हवीत. ताप आल्यावर घरात थांब म्हटलं की त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न विषाणूचा नसतो, म्हशीचा असतो. धार कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार, वैरण कोण टाकणार, रात्रीची लाईट असते तेव्हा मोटर कोण चालू करणार. तेव्हा आत्ताच, साथ नसताना, प्रत्येक गल्लीत आणि वस्तीवर दोन घरांची जोडी लावा: एका घरात आजार आला तर दुसरं घर गुरं आणि मोटर पाहील. जोड्या ज्यांनी त्यांनी निवडाव्यात. पंचायतीनं नेमल्या तर बांधाचं भांडण असलेलीच दोन घरं नेमकी एकत्र येतात.

शिध्याचं: चार माणसांच्या घराला 10 दिवस लागतं ते साधारण 12 ते 13 किलो पीठ, 4 किलो तांदूळ, 3 किलो डाळ, दीड लिटर तेल, 5-6 किलो कांदे-बटाटे, साखर, चहापूड, मीठ, तिखट आणि काडेपेटी. किराणा दुकानदाराशी आधीच बोलून अशा दहा घरांचा शिधा उधारीवर मिळेल असं लिहून ठेवा. पिशवी संध्याकाळी अंधार पडल्यावर पोचवा. भर दुपारी फोटो काढत दिलेली पिशवी ही शिधा नसून दवंडी असते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधी येतो. त्यातून थर्मामीटर आणि दोन ऑक्सिमीटर घेऊन ठेवा, सेल वेगळे काढून, नाहीतर गळून यंत्र खराब होतं. कोरोनात आकडा 94 च्या खाली गेला की 108 ला फोन, हे ऑक्सिमीटरच्या डबीवरच चिकटवा. बोट गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. बोट चोळून, दुसऱ्या हाताला लावून पुन्हा पाहायचं.

शाळेत विलगीकरण करायचंच झालं तर एकदा सदस्यांनी स्वतः तिथं एक रात्र झोपून पाहावं. बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का, रात्री दिवा आहे का, घरचा डबा चालतो का, मोबाइल चार्ज करायला किती बटणं आहेत. या चार गोष्टी नीट नसतील तर लोक तिथं जायचं टाळणार, आणि ते त्यांचं शहाणपणच आहे.

लसीच्या दिवसाचंही तंत्र आहे. कोविशील्डच्या एका बाटलीत 10 डोस असायचे आणि बाटली फोडली की 4 तासांत संपवावी लागायची. म्हणून चार माणसं आली की सेविका म्हणायच्या, 'अजून सहा येऊ द्या.' तासभर थांबून ती चौघं निघून जायची आणि पुन्हा यायची नाहीत. पुढची लसही अशीच बाटलीतून येईल असं धरून चला. वस्तीनिहाय 12-12 नावांचे गट आदल्या संध्याकाळी पक्के करा, कारण दोघं गळतातच. दिवस आठवडी बाजाराच्या आदला निवडा, म्हणजे दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तरी रोज बुडत नाही. 'काहींना एक-दोन दिवस ताप येईल, ही गोळी ठेवा, ताप उतरला नाही तर या नंबरवर फोन करा' हे टोचण्याआधी सांगायचं. आधी सांगितलेला ताप लोक सहन करतात. न सांगितलेल्या तापातून अफवा जन्मते. टोचल्यावर अर्धा तास थांबवायचं तर सावली, पाणी आणि बाकडं हवं.

लस घेतल्यावर चार दिवसांत गावात कुणी दगावलं तर काय, हे आराखड्यात नसेल तर बाकीचं सगळं वाया जाऊ शकतं. मोठ्या वयाच्या शेकडो माणसांना लस दिली की त्यातलं एखादं दुसऱ्याच कारणानं त्याच आठवड्यात जाणं अटळ असतं. त्या दिवशी तुम्ही आणि आरोग्यसेविका दोघींनी त्या घरी जायचं. 'लसीचा काही संबंध नाही' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, कारण तुम्हाला ते अजून माहीत नसतं आणि ते घर कधीच विसरणार नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याकडून गंभीर घटनेची खबर 24 तासांत जिल्हा माता-बाल संगोपन अधिकाऱ्याकडे गेली ना, एवढं पाहा. घरच्यांना सांगा की चौकशी लागली आहे, निकाल आला की मी स्वतः येऊन सांगेन. मग निकाल काहीही असो, जाऊन सांगा. बहुतेक ठिकाणी पहिली भेट होते, दुसरी राहून जाते.

हे सगळं चाललंय की नाही हे कसं ओळखायचं? दंडाच्या पावत्या मोजू नका. आशाताईंच्या वहीत दोन रकाने वाढवा: ताप आला ती तारीख आणि त्यांना कळलं ती तारीख. मधलं अंतर एक-दोन दिवसांचं असेल तर गाव बोलतंय. ते चार-पाचावर गेलं की कुठंतरी लपवणं सुरू झालंय. अशा वेळी नवा नियम काढण्याऐवजी गेल्या आठवड्यात कुणाचं नाव फुटलं, कुणाचा डबा चुकला, कुणाचं दूध डेअरीनं परत केलं ते शोधा. पावसाळ्यात डेंग्यू-तापाच्या दिवसांत हे दोन रकाने भरून पाहा, म्हणजे साथीच्या वेळी सवय नवी नसेल.

आराखडा आधी महिला ग्रामसभेत वाचा, मग मोठ्या ग्रामसभेत. आणि जो सदस्य सर्वांत जास्त दंडाच्या बाजूचा आहे, त्याला शिध्याची जबाबदारी द्या. खोचकपणे म्हणत नाही. कामाला वाघ असलेली माणसं दंड मागतात, कारण त्यांना हातात काहीतरी करण्यासारखं हवं असतं.

राहिली यात्रा. ही दिसणारी गोष्ट आहे, इथं नियम लागेल, पण तो तुम्ही एकट्यानं काढायचा नाही. 2020 आणि 2021 च्या आषाढीला मानाच्या पालख्या संस्थानांशी बोलून मोजक्या वारकऱ्यांसह एसटीनं पंढरपूरला नेल्या. परंपरा खंडली नाही आणि रस्त्यावर गर्दी झाली नाही. तुमच्याकडेही पालखी कुणाच्या खांद्यावर, नैवेद्य कुणाचा, नारळ कुणाचा एवढी मानकऱ्यांची यादी आत्ताच यात्रा समितीकडून लिहून घ्या. कुस्त्या, तमाशा, पाळणे आणि महाप्रसाद साथीत होणार नाहीत हेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. निर्णय यात्रेच्या किमान सहा आठवडे आधी जाहीर व्हावा, म्हणजे पाळणेवाल्याचं आणि मिठाईवाल्याचं आगाऊ दिलेलं भाडं बुडत नाही आणि पुण्या-मुंबईच्या पोरांची तिकिटं निघालेली नसतात. त्या ठरावावर यात्रा समितीच्या अध्यक्षांची सही तुमच्या सहीच्या वर घ्या.